भावाच्या हाडांतलं माहेर

माझा धाकटा भाऊ पूर्णेजवळ आमच्या गावी शेती करतो. तीन वर्षांखाली त्याच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं, अंगावर काळेनिळे डाग पडले. हैदराबादच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हाडांच्या मगजात रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशीच संपत आल्यात. दुसऱ्याच्या घातल्या नाहीत तर वाचणं अवघड. तपासणीत माझ्या जुळल्या. मी म्हटलं, चला, सुटलो!

कशाचं सुटलो! भाऊच अडून बसला. "बहिणीला द्यायचं असतंय, आक्का. तिच्याकडून घ्यायचं नसतंय." लेकीच्या घरचं पाणीसुद्धा न पिणाऱ्या बापाचा हा लेक. बापही शेजारी मान खाली घालून बसलेला. माझं डोकंच फिरलं. "अरे, मरायलास आणि वर रीतभात सांगायलास मला?" वॉर्डातली माणसं बघायला लागली. बघू देत.

डॉक्टरीणबाईंनी त्याला शांतपणे समजावलं. या पेशी शिरेतून सोडतात, हाडापर्यंत त्या आपल्या आपण जातात. पण नुसतं पोचून भागत नाही. मगजातल्या बाकीच्या पेशी त्यांना धरून ठेवतात, पोसतात, कधी निजायचं आणि कधी कामाला लागायचं ते सांगतात. "तुमची ती जागा अजून शाबूत आहे," त्या म्हणाल्या.

मी तेच धरलं. "ऐकलंस? मी तुझ्याकडं माहेरपणाला यायलेय. ठेवून घेणं, जेवू घालणं सगळं तुझ्याकडं. बहिणीला दारातून परत लावणार हायस का?"

तो उठून बसला. मग बायकोला म्हणाला, "सही कुठं करायची, इचार." बापानं डोळे पुसले.

माझ्या कमरेच्या हाडातून मगज काढला आणि त्याच्या शिरेतून सोडला. आठ दिवस कंबर दुखली, बस्स. पण त्याच्या रक्तात पांढऱ्या पेशी काही दिसेनात. रोज तपासणी, रोज तेच. भीतीनं मी अर्धी झाले. तिसऱ्या आठवड्यात मी शिकवते त्या मानवतच्या शाळेत असताना भावजयीचा फोन आला. "आल्या, वन्सं! थोड्याच हायेत, पण आल्या!" व्हरांड्यातच पोरींसमोर ढसाढसा रडले.

आता तो पुन्हा शेतात जातो. परवा भावजय तक्रार घेऊन आली. "तुमचं रक्त आल्यापासून लय चिडायलेत हे. भाजीत मीठ कमी पडलं की घर डोक्यावर घेतेत."

"घेऊ दे, बाई," मी म्हटलं. "चिडायला माणूस हाय घरात."