अकरा दिवस थांबलेले तुकडे

मोठ्या जावेने भर बैठकीत तोंड उघडले ते सचोटीपोटी की मत्सरापोटी, या प्रश्नाचे उत्तर मला आजवर देता आलेले नाही.

दोघी जावा एकाच प्रयोगशाळेत होत्या. मोठी एकवीस वर्षे भट्टीवर. धाकटी लग्न होऊन आली त्याच वर्षी शास्त्रज्ञ म्हणून रुजू झालेली. अणुसंलयनाच्या यंत्राला आतून टंगस्टनच्या फरशा लावतात. तप्त इंधनवायू त्यांच्यात शिरून अडकतो. जितका कमी अडकेल तितकी फरशी चांगली. चाचणीसाठी त्या वायूच्या माऱ्यात ठेवून काढलेला फरशीचा तुकडा निर्वातात तापवायचा आणि बाहेर पडणारा वायू मोजायचा, हे मोठीचे काम.

सासूबाई पाहुण्यांना सांगत, "धाकटी नवे धातू बनवते. मोठी ते तापवते." हसत सांगत, म्हणून अधिकच लागे.

धाकटीच्या नव्या मिश्रधातूचे तीन तुकडे माऱ्यातून निघून भट्टीकडे आले, तेव्हा मोठीने ते रांगेत शेवटी ढकलले.

"ताई, माझे कधी लावताय?"

"घरी पहिला मान तुझाच असतो. इथे रांग आहे, बाई."

तुकडे अकरा दिवस कपाटात राहिले. मग निकाल आला: नेहमीच्या फरशीच्या निम्माच वायू. प्रमुखांनी धाकटीची पाठ थोपटली. मोठ्या यंत्रासाठी हाच मिश्रधातू घ्यायचे जवळजवळ ठरले. तुकडे कधी आले, कधी तापवले, या वहीतल्या तारखा कोणी पाहिल्या नाहीत.

सैल अडकलेला वायू खोलीच्या साध्या तापमानालाही दिवसागणिक निसटतो, हे मोठीला पक्के ठाऊक होते. तिच्या आकसानेच जावेला डोक्यावर बसवले होते. गप्प राहावे तर जावेचा उदोउदो. बोलावे तर स्वतःचीच शोभा. चार दिवस तिला अन्न गोड लागले नाही. पाचव्या दिवशी बैठकीत ती उभी राहिली.

"आकडा चुकीचा आहे. तुकडे मी मुद्दाम अकरा दिवस ठेवले. तेवढ्यात वायू उडाला."

"मुद्दाम म्हणजे?" प्रमुखांनी विचारले.

"म्हणजे मुद्दाम. ही माझी जाऊ आहे, साहेब."

कोणीतरी हसले. धाकटी हसली नाही. "घरी सांगितलं असतंत तर?"

"घरी तुझंच खरं धरतात."

नवे तुकडे माऱ्यातून काढले त्याच दिवशी तापवले. वायू नेहमीइतकाच निघाला, निवड बारगळली. मोठीने या मोजणीचा आलेख दोनदा निरखून पाहिला. दुसऱ्या दिवशी तिला भट्टीवरून काढून भांडारात धाडले.

२०१३ पासून त्या प्रयोगशाळेत प्रत्येक तुकडा चोवीस तासांच्या आत तापवला जातो.