बाईंनी गाळलेला धडा

आमच्या केंद्रात बाहेरून आलेल्या माणसांना आपली भाषा शिकवायचा वर्ग भरतो. सरकारी अनुदानावर चालतो तो. नवी माणसं वस्तीत मिसळावीत, शेजाऱ्यापाजाऱ्यांशी दोन शब्द बोलावीत, म्हणून. मी तिथली शिपाईण. खोल्या झाडते, चहा करते आणि नको तिथे तोंड घालते. शिकवतात त्या बाई. शाळेतून निवृत्त झालेल्या, बोलायला मऊ, पण उच्चार चुकला तर कुणाची गय नाही.

सरकारी पुस्तकातला पहिला धडा असा: 'तुम्ही कसे आहात?' उत्तर: 'मी मजेत आहे, आभारी आहे.' बाईंनी तो इतका घोटून घेतला होता, की झोपेतून उठवलं तरी वर्ग तेच म्हणाला असता. वर 'हसून म्हणा' असंही शिकवलं.

पहिल्या तुकडीत खिडकीपाशी एक मुलगी बसायची. आम्ही तिला खिडकीवालीच म्हणायचो. नवरा फरशा बसवायच्या कामावर. एका सकाळी तिच्या पोटात कळा यायला लागल्या, नवरा कामावर गेलेला, म्हणून ती एकटीच दवाखान्यात गेली. नर्सनं विचारलं, कशा आहात? ही हसली आणि पाठ केलेलं म्हणाली. गोळ्या देऊन घरी पाठवलं. आतल्या आत आतडं फुटलं होतं. तिसऱ्या दिवशी गेली बिचारी.

नंतर नवरा तिचा केसपेपर घेऊन बाईंकडे आला. त्याला आपली अक्षरं वाचता येत नव्हती. बाईंनी वाचलं: 'रुग्ण म्हणते, मी मजेत आहे.' घडी घालून कागद परत दिला. "औषधांची नावं आहेत," म्हणाल्या. मी कपबशा उचलत होते, मला त्यांचा चेहरा दिसला. तो गेल्यावर त्यांनी मला सगळं सांगितलं आणि चहाच्या ओट्याला धरून रडल्या.

पुढच्या तुकडीत तो नवराच वर्गात आला. बसला कुठे, तर तिच्याच खुर्चीवर. तेव्हापासून हजेरी घेताना बाई अडखळायच्या, तिचंच नाव ओठांवर यायचं. फोनवर कुणी 'कशा आहात' म्हटलं की फोन ठेवून द्यायच्या. भांडी घासताना, जिना चढताना तिचा आवाज ऐकू येतो म्हणायच्या, तोच हसरा आवाज. मी म्हटलं, बाई, एकदा डॉक्टरला दाखवा. तर म्हणाल्या, "डॉक्टर पहिलं काय विचारेल, ठाऊक आहे ना?"

त्यांनी पहिला धडाच गाळला. त्याऐवजी 'इथे दुखतंय', 'खूप दुखतंय', 'मला घरी पाठवू नका'. धडा बदला, असं वरच्या कचेरीला पत्रही लिहिलं. उत्तर आलं: पुस्तक मंजूर आहे, परीक्षा त्यावरच होईल, वर्ग नापास झाला तर अनुदान बंद. पंख्याखाली बसून लिहायला यांचं काय जातंय. मी बाईंना किती समजावलं, एका दिवसात घोटून घ्या तो मेला धडा, नाहीतर तीस माणसं उघड्यावर पडतील. त्या म्हणाल्या, "त्याच्याकडून ते शब्द मी कसे म्हणवून घेऊ? आता वाचता यायला लागलंय त्याला. तो कागद अजून त्याच्या खिशात आहे."

परीक्षेला वरच्या कचेरीतले साहेब आले. पहिलाच प्रश्न, "तुम्ही कसे आहात?" वर्ग बाईंच्या तोंडाकडे बघत राहिला. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. तेवढ्यात खिडकीपासून आवाज आला, "मी मजेत आहे, आभारी आहे." तिचाच हेल, तिचंच हसू.

"उत्तम," साहेब म्हणाले आणि लिहू लागले. खिडकीवालीचा नवरा मात्र बाईंकडे वळला. "बाई, बायको घरी हे म्हणायची. म्हणजे काय?"

बाईंना गप्प बसता आलं असतं. वर्ग तर वाचलाच होता. पण त्या त्याच्याजवळ गेल्या, आणि सोप्या शब्दांत, सावकाश, सगळं सांगितलं. शब्दाचा अर्थ. कागदावर काय लिहिलंय ते. आपण त्या दिवशी खोटं बोललो ते. आणि तिला ते वाक्य हसून म्हणायला कुणी शिकवलं ते. साहेबांचा हात लिहायचा थांबला.

त्यानं खिशातला कागद टेबलावर उलगडला आणि त्या ओळीवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "बाई, ती फार चांगला पाठ केली."