मधुकररावांची परवानगी

नेरुळच्या 'सागरछाया' सोसायटीचे सेक्रेटरी मधुकर आजगावकर यांची सगळी नोकरी सरकारी कचेरीच्या परवाना विभागात गेली, आणि एवढ्या काळात त्यांनी एकही परवाना स्वतः दिला नाही. फाईल यायची, मधुकरराव तिच्यावर 'सादर' लिहायचे, फाईल वर जायची. परवानगी द्यायची ती वरच्यांनी.

त्यामुळे निवृत्तीनंतर सोसायटीचा लॅपटॉप त्यांच्या घरी आला आणि पडद्यावर एक चौकट उघडून तिने 'आपल्याला सूचना पाठवू का?' असं विचारलं, तेव्हा मधुकरराव खुर्चीत सावरून बसले. आयुष्यात पहिल्यांदा कुणी थेट त्यांना विचारत होतं. त्यांनी बाह्या नीट केल्या आणि 'अलाऊ' दाबलं.

ही बातमी बाहेर पसरली असावी. टकलावरच्या तेलवाल्याने विचारलं, त्याला मिळाली. गुडघ्याच्या पट्ट्यावाल्याला मिळाली. कर्जवाले, रमीवाले, भविष्यवाले, कुणीही विन्मुख गेला नाही. हळूहळू ब्राउझर उघडला की भलतंच पान समोर यायचं. त्यांच्या पत्नी वैजयंतीबाईंनी घावनाची कृती शोधली की बद्धकोष्ठावरचा चहा निघायचा.

तरी कुणाचं काही बिघडलं नसतं. पण सोसायटीच्या सभेत मधुकररावांनी लॅपटॉप मोठ्या टीव्हीला जोडला, पाण्याच्या टाकीचा खर्च दाखवायला घेतला आणि कोपऱ्यात उमटलं, 'एकटे आहात? तुमच्या जवळच राहणारी सुनयना वाट पाहतेय.'

सी विंगमधल्या सुनयना चिटणीस पहिल्या रांगेत बसल्या होत्या. तेव्हापासून त्या मधुकररावांशी बोलत नाहीत.

"काय हाय ना, मधुकरराव," कमिटीतले, शेजारच्या सारसोळे गावचे हरेश तेव्हा म्हणाले, "पुढच्या सभेला परत असा झाला, तर सेक्रेटरी बदलायला लागंल." आणि सेक्रेटरी कोण व्हावं, याबद्दल हरेशच्या मनात एक नाव होतं. ते हरेशचंच होतं.

पुढच्या सभेच्या आदल्या दिवशी मधुकरराव कंबर कसून बसले. पडद्यावर लाल अक्षरं आलीच होती: 'तुमचा कॉम्प्युटर धोक्यात! आत्ताच साफ करा.' एवढ्या कळकळीने कोण सांगतं, म्हणून त्यांनी ते दाबलं. सफाईवाला आत आला आणि आपलं सगळं खटलं बरोबर घेऊन आला. आता जाहिरातींवर जाहिराती येऊ लागल्या.

"अहो, घरात शिरलेल्यालाच पहारा द्यायला सांगितलंत," वैजयंतीबाई म्हणाल्या. "आधी बघा, कुणाकुणाला आत घेतलंय."

सेटिंग्जमध्ये परवानगी दिलेल्यांची यादी निघाली. मधुकरराव एकेकाला ओळखत होते.

"निदान कारणे दाखवा नोटीस तरी द्यायला हवी," ते म्हणाले.

"काढा!"

त्यांनी काढलं. तेलवाला गेला, पट्टावाला गेला. भविष्यवाल्याला हे आधी कळायला हवं होतं. मग एक्स्टेन्शनच्या पानावर 'झटपट कूपन' आणि 'हवामान मित्र' असे दोघं सापडले.

"हे कोण?" वैजयंतीबाईंनी विचारलं.

"मी नाही बोलावलं. कसल्यातरी फुकट सॉफ्टवेअरबरोबर आले असतील."

"लग्नाच्या वऱ्हाडात नाही का दोघं-चौघं उगाच जेवून जात? रिमूव्ह करा."

शोधाचं पान पुन्हा पूर्वीचं केलं, सफाईवाला लॅपटॉपमधून मुळासकट अनइन्स्टॉल केला, लॅपटॉपच्याच अँटीव्हायरसने सगळीकडे पाहून घेतलं. बंद करून पुन्हा चालू केला. ब्राउझर उघडला. कुणीच काही बोललं नाही. मधुकररावांना घर एकदम मोठं वाटू लागलं.

दुसऱ्या दिवशी सभेत टाकीचा खर्च पडद्यावर विनाअडथळा गेला. मग लिफ्टवाल्या कंपनीचं पान उघडलं आणि वर चौकट आली: 'आपल्याला सूचना पाठवू का?'

सुनयनाबाईंनी चष्मा लावला. मधुकररावांचा हात सवयीने 'अलाऊ'कडे गेला, थबकला, शेजारी सरकला. त्यांनी 'ब्लॉक' दाबलं. चौकट गेली. आभाळ कोसळलं नाही.

"बरा, ता ऱ्हाऊ दे," हरेश जरा हिरमुसून म्हणाले. "माझ्या गच्चीवरच्या शेडच्या परवानगीचा काय? उद्या पत्रे येतान. तुमी काय कवा कोनाला 'नाय' बोलत नाय."

मधुकररावांचं बोट अजून माऊसवरच होतं.

"नाही," ते म्हणाले.

"काय नाय?"

"परवानगी नाही. गच्ची सगळ्यांची आहे."

पहिली टाळी सुनयनाबाईंनी वाजवली. सेक्रेटरी बदलण्याचा विषय निघालाच नाही.

संध्याकाळी वैजयंतीबाईंनी यादी तपासली, तर तीत एक नाव शिल्लक होतं. दिवाळे खाडीच्या भरती-ओहोटीच्या वेळा कळवणारं.

"अहो, आपल्याकडे होडी आहे का?"

"राहू दे गं," मधुकरराव म्हणाले. "दिवसातनं दोनदाच येतो. आणि विचारून आला होता बिचारा."