दिवा लावेपर्यंत

बसवनगुडीतल्या आमच्या शाळेच्या ऑफिसात रोज सकाळी सर्व्हर सुरू व्हायचा, पण त्यावरचं सगळ्यांच्या फाइलींचं सामायिक फोल्डर उघडायचं नाही. आमच्या हेडक्लार्क अक्का सर्वांआधी येऊन तीन ओळी टाइप करून ते चालू करत. त्या निवृत्त होणार, म्हणून दुरुस्तीला एक गृहस्थ बोलावले. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

चपला दाराबाहेर काढून ते आत आले. मशीन पुन्हा पुन्हा बंद-चालू करून, हाताची घडी घालून बघत बसले.

"नेटवर्क यायच्या आधीच मशीन फोल्डर उघडायला धावतंय," ते म्हणाले. "अक्का, तुम्ही कसं करत होता?"

"मशीन लावायचं, देवापुढं दिवा लावायचा, मग टाइप करायचं. एवढंच की हो!"

ते हसले. "म्हणजे स्वल्प थांबायचं. ते त्याला कुणी शिकवलंच नव्हतं."

सुरू होतानाच्या स्क्रिप्टमध्ये त्यांनी थांबायची आज्ञा घातली. वर माहितीपुरती एक ओळ लिहिली : 'अक्कांचा दिवा लागेपर्यंत थांब.' अक्कांनी ती वाचली आणि चष्मा पुसायला काढला.

आता फोल्डर आपोआप उघडतं. त्याआधी मशीन जरा थबकतं, तेवढ्यात मी उठून दिवा लावते.