सुशीलाची एका माणसापुरती पिठी

कुणकेश्वरला माझ्या शेजारी सुशीला धुरी राहते. चौदा हंगाम तिने कॅनिंग फॅक्टरीत आंबे सोलले. पन्नाशीला आल्यावर तिच्या मनाने घेतलं, की आपण तयार पिठी विकायची. कुळीथ भाजून दळायचा, त्यातच मीठ, मिरची, सुकवलेला लसूण, आमसुलाची पूड घालायची. घेणाऱ्याने नुसतं पाण्यात कालवून उकळायचं. सोबतीला तिने फॅक्टरीतलीच किशोरी घेतली. किशोरीच्या नवऱ्याचा हात बोटीवर जायबंदी झालेला, घर तिच्या एकटीच्या मजुरीवर. तरी सुशीलाच्या शब्दावर तिने त्या वर्षी फॅक्टरीला नाही म्हणून कळवलं.

नवं काही करायचं तर आमच्याकडे आधी ग्रामदेवतेला कौल लावतात. सुशीलानेही लावला. मी सोबत होते. गुरवाने पाषाणाला फुलांचे कळे चिकटवले, गाऱ्हाणं घातलं, आणि थोड्या वेळाने उजवीकडचा कळा पडला. म्हणजे देवाची परवानगी. सुशीलाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिथून पुढे तिने कुणाला काही विचारलं नाही. गिऱ्हाईक कोण, तर महाशिवरात्रीच्या जत्रेला येणारे बाहेरचे लोक, हे तिचं ठरलेलं. त्यांना तिखट सोसत नाही म्हणून मिरची कमी, वास नको म्हणून लसूण नावाला. पाकीट अर्ध्या किलोचं, वर समुद्राचं चित्र.

जत्रेत लोक पाकीट उचलायचे, उलटंपालटं करायचे, "ह्याचं काय करतात?" असं विचारायचे आणि शेजारच्या टेबलावरून कोकमाचं आगळ घेऊन जायचे. दोनशेपैकी अकरा पाकिटं गेली. त्यातली दोन मीच घेतलेली.

"देवान कौल दिल्यान मां?" घरी येताना किशोरीने विचारलं.

"दिल्यान."

"मगे लोक कित्याक घेणत नाय?"

 

ईस्टरला फ्लाव्हिया जामसंड्याला आईकडे आली. ती सुशीलाची शाळेतली मैत्रीण, मुंबईत इस्पितळात नर्स. एका दुपारी ती भेटायला आली तेव्हा सुशीलाने तिला आपली पिठी भातावर वाढली. दोन घास खाऊन ती थांबली.

"ह्या कोणासाठी केलंस गो? दुखणाईताक?"

"मुंबयकारांका तिखट सोसत नाय, म्हणान..."

"आणि मी खंयची? ड्युटीवरसून घराक येतंय तेव्हा लसूण सोलूचो जीव नसता. तेव्हा माका पिठीच आठवता, पण ही न्हय. आणि ह्या अर्ध्या किलोचा एकटीन काय करू? किड्यांका घालू?"

"देवाक इचारून केलंय," सुशीला हळू म्हणाली.

"देव खातलो काय तुझी पिठी? खाणाऱ्यांका इचारलंस?"

मला ते बोचलं. दोन दिवस मनात घोळत राहिलं. मग वाटलं, उजवा कौल म्हणजे काम करायची मुभा. ते कुणासाठी आणि कसं, हे शोधायचे कष्ट देवाने आपल्यावरच ठेवलेत. आणि पिठी हे पाहुण्याला वाढायचं जेवण नव्हेच. मासे नसतील त्या दिवशी घरातल्यांनी गरम भातावर ओतून खायचं ते. बाहेरच्याला तिची आठवणच नाही, तो का मागेल? मागेल तो, जो ती खाऊन वाढला आणि आता लांब एकटा राहतो.

सुशीला असं काही बोलून दाखवणारी नव्हे. पण मे महिन्यात तिने एका माणसाला एका वेळेला पुरतील अशा साध्या पुड्या बांधल्या आणि मुंबईला परतणाऱ्या वीस चाकरमान्यांच्या हातात फुकट दिल्या. प्रत्येकाला सांगितलं, "बरी झाली म्हणान फोन करू नको. वायट काय झाला ता सांग."

किशोरी चिडली. "फॅक्टरी सोडून आता फुकट वाटूची?"

तिची काळजी खरी होती. आंबा ऐन भरात, बरोबरीच्या बायका रोज कामावर जात होत्या, आणि ही पुड्या बांधत बसलेली.

"पावसापर्यंत थांब," सुशीला म्हणाली. "नाय जमला तर तुझ्यासाठी फॅक्टरीत बोलूक मी येतंय."

फोन आले. गुठळ्या होतात. लसणाची चव लागत नाही. फोन किशोरीच घ्यायची, कारण दोष ऐकला की सुशीला लगेच सबब सांगायला लागायची. किशोरी मुकाट ऐकून घ्यायची. मग लसूण दुप्पट झाला, मिरची वाढली, 'आधी गार पाण्यात कालवा' हे पुडीवर मोठ्या अक्षरात आलं. श्रावण लागायच्या आधी फ्लाव्हियाच्या इस्पितळातल्या नर्सेसच्या हॉस्टेलमधून साठ पुड्यांची मागणी आली. वीस चाकरमान्यांपैकी चौदांनी परत मागवल्या, आणि मला त्या साठांपेक्षा हे 'परत' मोठं वाटलं. दिवाळी आली तोवर किशोरीला रोज पुरेल एवढं काम मिळू लागलं होतं.

यंदा मार्चमध्ये फॅक्टरीतून किशोरीला बोलावणं आलं. ती सुशीलाच्या दारच्या खळ्यात येऊन उभी राहिली. "काय करू?"

मला वाटलं, सुशीला तिला अडवेल.

"जा," सुशीला म्हणाली. "एप्रिल-मेत आपली गिऱ्हायकां हंयच येतत, आवशीच्या हातची खातत. तेव्हा पुडी कोण घेतलो? जूनापासून माका तू व्हयी."

"आणि फॅक्टरीवाल्यांनी सोडल्यानी नाय तर?"

"जूनात आंबो खंय आसता गो?"

किशोरी हसली. जाताना पुड्यांवर चिकटवायच्या कागदांचा गठ्ठा तिने उचलला. फॅक्टरीत आठवड्यातून एक दिवस सुट्टी असते, म्हणाली, तेव्हा कापून ठेवीन.