चांद्याचं सूप

आत्या आज सकाळी गेली आणि संध्याकाळी मी गॅस पेटवला.

नागपूरहून चुलतभावाचा फोन आला. "घरात मयत झाली ना, आज चूल नाई पेटवत. एवढं तरी समजते का नाई तुले?"

समजतं. सगळं समजतं. शेजारच्यांनी वरणभाताचा डबा आणून दिला, त्यांचे उपकारच आहेत. पण मला आज टोमॅटो-पालकाचं सूप करायचं होतं, साय घालून.
नावं ठेवायची असतील तर खाली कमेंटमध्ये ठेवा. डिलीट करणार नाही.

का, ते सांगते.

गोष्ट पन्नासच्या दशकातली. चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत. आमचं घर चामोर्शीकडच्या एका खेड्यात, धानाची शेती. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. कोवळ्या वयात विधवा होऊन माहेरी आलेली. तिला दुसरं छप्पर नव्हतं.

आजोबांच्या घरात नियम होता, विधवेनं लाल काही खायचं नाही. मसूर नाही, गाजर नाही, भेदरं नाही. भेदरं म्हणजे आमच्याकडे टोमॅटो.
सगळ्या घरासाठी भेदऱ्याची चटणी हीच वाटणार, आणि हिनंच ती जिभेला लावायची नाही!

मी तेव्हा शाळेतही जात नव्हते. मला मुदतीचा ताप आला. अशा तापात अन्न बंद करायची पद्धत होती, तसं माझंही केलं. ताप गेला, मी मात्र उठेना. हातापायाच्या काटक्या झाल्या. पेज तोंडाशी आणली की मान फिरवायची.

वडील आणि आत्या मला चांद्याच्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरीणबाई भडकल्या. ताप कधीच गेलाय, आता ही पोर भुकेनं जाईल, म्हणाल्या. तिथल्या नर्सनं आत्याला हे सूप सांगितलं.

घरी आल्या आल्या आत्यानं परसातली भेदरं तोडली.
पितळेच्या भांड्यात आंबट कळकतं, म्हणून मडक्यात उकडली. गाळायला काही मिळेना, तेव्हा आपल्या पांढऱ्या लुगड्याचं टोक टर्रकन फाडलं आणि त्यातून रस गाळला. बारीक चिरलेला पालक सोडला. दाटपणाला भाताची पेज. मडकं खाली उतरवून जरा निवलं की मग साय, नाहीतर फाटते.
ती साय आजोबांच्या तुपासाठी राखलेली होती.

आजोबा ओसरीवरून आत आले.
"भेदरं? तापातून उठलेल्या पोरीले? मारून टाकतेस काय तिले?"
"उपाशी ठेवून कोणतं जगवून राह्यलो आपण, बाबा?"

तिनं वाटी माझ्यापुढे धरली. मी तोंड घट्ट मिटलं. आताच आजोबांनी मरायचं नाव काढलं होतं ना!
म्हटलं, "पयले तू पे. मंग मी पेतो."

आई दाराशी उभी होती, तिनं तोंडाला पदर लावला.

आजोबा म्हणाले, "तुले चालत नाई ते. पेशील तर या चुलीपाशी पुन्हा पाय ठेवायचा नाई."

आत्या म्हणाली,
"मले काय चालते ते इतके साल तुमीच सांगून राह्यले. आज पोरगी सांगून राह्यली."

आणि वाटी तोंडाला लावली. सगळ्यांदेखत.
अर्धी संपवली आणि तोंड वाकडं केलं.
"खारट झालं व माय!"

मी हसले. आजारातून उठल्यावर पहिल्यांदा. आणि उरलेली अर्धी वाटी, खारट तर खारट, मी प्यायले.

आजोबांनी शब्द खरा केला. आत्याची गोठ्याशेजारच्या खोलीत रवानगी झाली. वेगळी चूल, वेगळी भांडी. ती रडली, खोटं कशाला सांगू. पोटच्या पोरीला एका वाटीपायी गोठ्याजवळ नेऊन ठेवलं, याचा मला अजून राग येतो. आजोबा देवमाणूस होते असं कुणी म्हटलं की मी उठून जाते.

पण त्या गोठ्याजवळच्या चुलीवर तिला विचारणारं कुणी नव्हतं. तिनं दारातच भेदरं लावली. मसूर शिजायला लागली. मी रोज तिथंच जेवायची आणि गालांवर मांस चढवून आजोबांसमोर मुद्दाम नाचायची. ते बघून न बघितल्यासारखं करायचे.

पुढे मला चंद्रपुरात नोकरी लागली. सगळ्यात आधी आत्याला घेऊन आले. मग गादी, मग भांडी.
दर हिवाळ्यात हे सूप व्हायचं. आम्ही त्याला चांद्याचं सूपच म्हणत आलो, चांद्याचं चंद्रपूर झालं तरी.

एक गोष्ट मात्र तिला कधी जमली नाही. लाल सगळं खायची, पण शिजत असताना चाखायची नाही. चमचा उचलायची आणि हात मध्येच थांबायचा.
"सवय नाई व. तूच चाखून सांग मले."
मग मी चाखायची आणि स्वयंपाकघरातून ओरडून सांगायची. तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडायचा.

तर आज गॅस पेटवला. टोमॅटो गाळले, पालक सोडला, खाली उतरवून साय घातली. नातेवाईक हॉलमधून बघत होते. कुणी काही बोललं असतं, तर आज माझ्याकडूनही ऐकलं असतं.

फुलांचे, पणत्यांचे फोटो पाठवू नका. तुमच्या घरात कुणी बाई आपल्याला चालत नाही म्हणून बाजूला बसली असेल, तर तिच्या हातात एक वाटी द्या. आत्याला तेवढं पोचेल.

सुखानं जा गं.

चाखून बघितलं. सवयीनं तुझ्या खोलीकडे तोंड करून मोठ्यानं सांगितलंसुद्धा.
मीठ बरोबर आहे, आत्या.