गवताच्या गाठी

शहरातल्या बनशंकरी भागात आमच्या बागेतलं लॉन काढून तिथे गावरान गवताचं कुरण करायला घेतलं, तेव्हापासून रोज सकाळी ती उकिडवी बसलेली दिसायची. बागेत कामाला होती. नाव मी कधी विचारलं नाही. सगळेच अक्का म्हणायचे. जपायच्या गवताची दोन पाती ती हलक्या हाताने एकमेकांत बांधायची. गाठ दिसली की यंत्रवाला तिथलं गवत कापत नसे.

"ही खूण कुणी शिकवली, अक्का?"

"आईनं. चिक्कोडीकडं आमचं कुरण होतं. गाठ असली की तिथं मेंढरं घालायची न्हाईत, बी पडूस्तोवर."

"आता?"

"लेआऊट झाला, अण्णा, घरांचे प्लॉट पडले. अन् इथं लॉनसाठी मी हेच गवत कितीक वर्षं उपटलं. वळखत होते, तरी."

थंडी सुरू झाली, बी पडलं. एका सकाळी ती एकेक गाठ सोडत होती. शेवटची सुटली तशी उभी राहिली आणि सवयीने फाटकाकडे बघत तिने मेंढरांना हाक घातली. मग लाजून पाण्याची नळी ओढू लागली.

फाटकाकडे मीही पाहिलं होतं.